आधी उघडलेली पेटी

हे लिहायची परवानगी तिनं मला तीन अटींवर दिली. तिचं नाव घालायचं नाही. गावाचं नाव घालायचं नाही. आणि तिला कुठंही ‘बिचारी’ म्हणायचं नाही. पहिल्या दोन अटी सोप्या आहेत. तिसरी पाळायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की इतकी वर्षं मनातल्या मनात मी तिच्यासाठी हाच शब्द वापरत आलो होतो. तो वापरला, की माझं काम तिथंच संपायचं.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत अकरा वर्षं मुख्याध्यापक होतो. आता पासष्टी ओलांडली आहे आणि बारामतीत मुलाकडे राहतो. शाळेचे दिवस आठवून लिहा, असं जुने विद्यार्थी भेटले की म्हणतात. त्यांना सहली, स्नेहसंमेलनं, माझ्या छडीचे किस्से हवे असतात. माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती मी सोडून फारच थोड्या लोकांना माहीत होती.

शाळांमध्ये तक्रारपेटी लावण्याचं परिपत्रक आलं तेव्हा मी गावातल्या कारागिराकडून पत्र्याची पेटी करून घेतली. वर चिठ्ठी जाईल एवढी फट, पुढं लहानसं कुलूप. निळा रंग दिला. चित्रकलेच्या सरांनी सुबक अक्षरात ‘विद्यार्थी तक्रारपेटी’ असं रंगवलं. पेटी मुलांना संकोच वाटणार नाही अशा जागी लावावी, असं परिपत्रकात होतं. मी ती माझ्या ऑफिसच्या दाराशेजारी लावली. खुर्चीत बसल्या बसल्या पेटीपाशी कोण येतं ते मला दिसायचं. पोरं खोडसाळपणा करतील, लक्ष असलेलं बरं, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

पेटी महिन्यातून एकदा समितीसमोर उघडायची होती. समितीत मी, शाळेतल्या एक ज्येष्ठ शिक्षिका, पालकांचे एक प्रतिनिधी आणि गावचे पोलीस पाटील. पहिल्या बैठकीत मोठ्या उत्साहानं पेटी उघडली. दुपारच्या खिचडीत मीठ नसतं. नववी ‘ब’ला पंखा आहे, आम्हाला नाही. मुख्याध्यापक सर परिपाठाला फार लांबवतात, उन्हात चक्कर येते. आणि एक चिठ्ठी होती, की मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, पण सरांच्या संडासाला बाहेरून कुलूप आहे.

पोलीस पाटील खो खो हसले. म्हणाले, “सर, तुमचं कुलूप काडा आन् पोरींच्या दाराला कडी लावा की! तुमचा संडास कोण चोरून न्हेतंय व्हय?”

सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी कडी बसवून घेतली. पण त्या हसण्यानं मला लागलं होतं. पुढच्या महिन्यापासून बैठकीच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, मी एकटाच पेटी उघडू लागलो. किल्ली माझ्याच जुडग्यात होती. तांदूळ निवडावेत तशा चिठ्ठ्या निवडायच्या. शाळेची शोभा होईल अशा काढून घ्यायच्या, साध्यासुध्या दोन-तीन पुन्हा आत टाकायच्या, कुलूप लावायचं. दुसऱ्या दिवशी समितीसमोर पेटी उघडायची. यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही. काढलेल्या चिठ्ठ्यांची जमेल तशी दखलही मी घेत असे. मुलांचं कामही होत होतं आणि चारचौघांत शोभाही होत नव्हती. मला तर ती चांगली व्यवस्था वाटायची.

नवरात्राच्या चार-पाच दिवस आधी मी अशीच पेटी उघडली. चौकडीच्या वहीचा कागद चार घड्या घालून टाकलेला होता. गणिताच्या सरांच्या जादा तासाला मला बसायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. तास सुटल्यावर ते मला एकटीला थांबवून घेतात. पुढं आणखी दोन ओळी होत्या. त्या मी इथं लिहिणार नाही, त्या तिच्या आहेत. शेवटी होतं, ‘तुम्ही त्यांना माझं नाव सांगू नका.’

खाली नाव नव्हतं. पण ते अक्षर मला रोज दिसत असे. शाळेच्या दर्शनी फळ्यावर दिनविशेष आणि सुविचार लिहिण्याचं काम नववीतल्या ज्या मुलीकडे होतं, तिचं अक्षर. मी तिला सगळ्या शाळेसमोर शाबासकी दिली होती ती याच अक्षरासाठी.

गणिताचे सर त्या वेळी शाळेचं भूषण होते. दहावीचा गणिताचा निकाल त्यांच्यामुळे शंभर टक्के लागायचा. जादा तासाची फी घेत नसत. पालक त्यांना शेतातल्या पहिल्या पेरूंची करंडी आणून देत. आजवर बोलताना आणि मनातसुद्धा मी त्यांना ‘ते’ म्हणत आलो. इथून पुढं ‘तो’ म्हणणार आहे.

चिठ्ठी वाचून मी ती टेबलाच्या खणात ठेवली. कायदा मला माहीत नव्हता असं नाही. तालुक्याला प्रशिक्षण झालं होतं. असं काही कळलं, की शाळाप्रमुखानं ताबडतोब पोलिसांना कळवायचं, खरंखोटं ठरवत बसायचं नाही, असं तिथल्या वकीलबाईंनी दोनदा सांगितलं होतं. मी ते लिहून घेतलं होतं. चहा-बिस्किटं घेतली, हजेरीपत्रकावर सही केली आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी तिला ऑफिसात बोलावलं. ऑफिसचं दार उघडं होतं, क्लार्क शेजारच्या टेबलावर पगारपत्रक करत होते. मी चिठ्ठीचं नावही काढलं नाही.

“काय गं, अभ्यास कसा चाललाय?”

“चांगला चाललाय, सर.”

“काही अडचण? घरी, शाळेत?”

तिनं क्लार्ककडे पाहिलं, मग माझ्याकडे. “नाही सर.”

“नक्की ना?”

“हो सर.”

मला सुटल्यासारखं झालं. आज मला सगळ्यात जास्त लाज त्या सुटल्यासारखं वाटण्याची वाटते. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच बजावत राहिलो, की मी विचारलं होतं, तिनंच नाही म्हणून सांगितलं.

आणखी एक गोष्ट मी केली. दोन दिवसांनी स्टाफरूममध्ये तो एकटा होता तेव्हा सहज बोलल्यासारखं म्हणालो, “जादा तासानंतर मुलींना फार वेळ थांबवत जाऊ नका. लोक बोलतात.” तो हसून म्हणाला, “कच्च्या आहेत, सर. घासून घ्यायला लागतात.” मला वाटलं, मी त्याला सावध केलं. वागेल आता नीट. खरं तर माझ्या त्या एका वाक्यानं त्याला एवढंच कळलं, की कुणीतरी तोंड उघडलंय. आणि कुणी उघडलं असेल, ते ओळखायला त्याला कितीसा वेळ लागणार होता?

दिवाळीच्या सुट्टीत नववीचे जादा तास घेण्यासाठी त्यानं अर्ज दिला. वर्गखोलीची किल्ली मागितली. मी अर्जावर ‘परवानगी दिली’ असं लिहून सही केली. चिठ्ठी तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होती.

तुळशीची लग्नं झाली त्या आठवड्यात तिची आई शाळेत आली. लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कंपनीत ती पॅकिंगला होती. पहिली पाळी करून कंपनीच्या गाडीनं येऊन ती थेट शाळेत उतरली होती. अंगात कंपनीचा ॲप्रन तसाच, गळ्यात ओळखपत्र. माझ्यासमोर खुर्ची होती, पण ती बसली नाही. क्लार्ककडे बघून म्हणाली, “भाऊ, जरा भाईर जाता का?” तेवढं तिला सुचलं होतं. मला सुचलं नव्हतं.

मग तिनं दार लोटलं आणि सांगितलं. पोरगी जेवत नाही. सुट्टीतल्या तासाला जायचं म्हटलं की उलटी काढते. आईला वाटलं पित्त झालं असेल. कऱ्हाटीची मावशी दिवाळीला आली होती. तिच्यापाशी पोरगी बोलली, आणि मावशीनं आईला सांगितलं.

“तिच्या बापाला न्हाय सांगितलं म्या,” ती म्हणाली. “त्यो शेडनेटात मिरच्या तोडतोय. त्याला सांगितलं तर त्यो कोयता घिऊन निगंल, आन् मग घरात उरंल कोण? म्हून तुमच्याकडं आले. तुमी मोठं हाय हितं. काय करायचं ते तुमी करा. पोलिसात न्या, न्हायतर आनिक कुठं न्या. पर त्यो माणूस पोरींच्या म्होरं उबा ऱ्हायला न्हाय पायजे.”

“मला दोन दिवस द्या,” मी म्हणालो.

“घ्या की. पर सर, तुमाला ह्यातलं कायबी ठावं नव्हतं?”

“नाही,” मी म्हणालो. “आत्ताच कळतंय.”

खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

त्याच संध्याकाळी मी संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलो. गावात सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांच्यामुळेच गावात शाळा आली, मुली दहावीपर्यंत शिकू लागल्या. आबा वाईट माणूस नव्हते, आणि म्हणूनच मला त्यांच्यावर सगळं ढकलता येत नाही. आबांनी ऐकून घेतलं. पानाचा डबा उघडला, पान न लावताच मिटला.

“खरं असंल का, सर?”

“खरं आहे, आबा.”

“तुमी एवढं छातीवर हात ठिवून कसं काय सांगता?”

मी चिठ्ठीबद्दल काही बोललो नाही. “पोरगी तशी नाही,” एवढंच म्हणालो.

“पोलिसात गेलं, तर पेपरात येणार. शाळेचं जाऊ द्या. त्या पोरीला उद्या कोण करून घील? दुसऱ्या पोरींचं आई-बाप उद्यापासून पोरी घरी बसवत्याल. आपली दुसरी शाखा हाय की बारामती तालुक्यात. तिकडं गणिताला माणूस न्हायच. द्या लावून तिकडं. हितली ब्याद जाईल, पोरीचं नाव ऱ्हाईल.”

“आणि तिथल्या मुली, आबा?”

हे मी विचारलं होतं. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे. आबा खाली मान घालून म्हणाले, “त्याला चांगला दम देतो मी.” आणि मी ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी बदलीचा आदेश निघाला. ‘प्रशासकीय सोयीसाठी’ हे शब्द मीच सुचवले. सोबत त्याच्या वर्तणुकीबद्दल दाखला हवा होता. शाळेच्या ठरीव नमुन्यात तो दाखला मी दिला. ‘वर्तणूक उत्तम. यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार प्राप्त नाही.’ खाली सही, शिक्का.

आमच्याकडे शिक्षक बदलून गेला, की निरोप समारंभ होतोच. शाल, श्रीफळ, एका विद्यार्थ्याचं मनोगत, अध्यक्षीय भाषण, मग भेळ. न करता कसं चालेल? एवढ्या लाडक्या शिक्षकाला निरोप दिला नाही, तर गाव विचारणारच की काय झालं. म्हणून समारंभ ठरला. सांस्कृतिक विभागाच्या बाईंनी कार्यक्रमपत्रिका करून माझ्याकडे सहीला पाठवली. ‘विद्यार्थी मनोगत’च्या पुढं तिचं नाव होतं. नेहमी तिचंच असायचं. वक्तृत्वात तालुक्याला तिचा नंबर आला होता. बाईंना काही ठाऊक नव्हतं.

मी ते नाव वाचलं. पेन हातात होतं. खोडलं असतं, तर बाईंनी विचारलं असतं, हिचं का खोडलं? दुसऱ्या कुणाचं घालू? मी विचार केला, ती स्वतःच नको म्हणेल. आणि सही केली.

ती नको म्हणाली होती. हे मला फार नंतर समजलं. बाईंना वाटलं, लाजते आहे. “अगं, तुझ्याशिवाय कोण बोलणार?” असं म्हणून त्यांनी तिच्या हातात कागद दिला होता.

मंडपात सगळी शाळा बसली होती. तो माझ्या उजव्या बाजूला, खांद्यावर शाल. तिचं नाव पुकारलं गेलं. ती आली, माइकसमोर उभी राहिली, कागद उलगडला. “आदरणीय व्यासपीठ,” एवढं म्हणाली आणि थांबली. आम्ही वाट पाहत राहिलो. ती काही कागद वाचत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, त्याच्याकडे नाही. पुढच्या रांगेतली लहान मुलं चुळबुळ करायला लागली.

शेवटी मीच उठलो. माइक हातात घेतला आणि म्हणालो, “निरोपाच्या वेळी भावना अनावर होतात. विद्यार्थ्यांचं आपल्या गुरुजनांवर किती प्रेम आहे, ते आपण पाहतोच आहोत.”

टाळ्या पडल्या. तिच्या मैत्रिणी रडायला लागल्या. ती कागदाची घडी घालून आपल्या जागेवर जाऊन बसली.

त्या समारंभाचं इतिवृत्त शाळेच्या वहीत मीच लिहिलं. ‘मनोगत व्यक्त करताना विद्यार्थिनीस भावना अनावर झाल्या. कार्यक्रम अत्यंत भावपूर्ण वातावरणात पार पडला.’ ती वही अजून शाळेच्या कपाटात आहे.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. आठवड्यानं आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. तिला कऱ्हाटीला मावशीकडे ठेवणार होते. दाखला लिहून तयार होता. आईनं तो हातात घेतला आणि बोट ठेवून विचारलं, “शाळा सोडल्याचं कारन म्हून काय लिवलंय, सर?”

“पालकांच्या विनंतीवरून.”

तिनं दाखला परत एकदा पाहिला. “आमी ही इनंती कवा केली, सर? आमी तर तुमाला दुसरीच केली हुती.”

मी म्हणालो, “तसंच लिहायची पद्धत असते.”

ती निघून गेली. फळ्यावरचा शेवटचा सुविचार तिच्याच अक्षरात पुढं किती तरी दिवस तसाच होता. पुसायला कुणाला सांगायचं, ते मला कळत नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षांनी मी निवृत्त झालो. मलाही शाल आणि नारळ मिळाला. खण रिकामा करताना ती चिठ्ठी हातात आली. मी ती फाडली नाही, कुणाला दाखवलीही नाही. पेन्शनच्या फाइलला प्लॅस्टिकचं कव्हर असतं, त्यात सरकवून ठेवली. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाताना ती फाइल माझ्या बगलेत असायची.

गेल्या वर्षी एका सकाळी, मी कालव्याच्या बाजूनं फिरून येत होतो, तेव्हा त्या समितीतल्या ज्येष्ठ शिक्षिकेचा फोन आला. त्याही आता निवृत्त आहेत. म्हणाल्या, “सर, कळलं का? बारामती तालुक्यातल्या आपल्या त्या शाखेत दोन मुलींनी तक्रार केलीय. गणिताच्या सरांविरुद्ध. पोलिसात गेलंय. पण गाव म्हणतंय पोरी खोटं बोलतात, नापास केलं म्हणून सूड घेतायत. एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक तक्रार नाही म्हणे माणसाविरुद्ध. तुमचा दाखला दाखवतायत सगळ्यांना.”

“माझा?”

“हो. कोणतीही तक्रार प्राप्त नाही म्हणून. मोबाइलवर फिरतोय.”

मी कट्ट्यावर बसलो. मग मी बाईंना पेटीचं आणि तिच्या चिठ्ठीचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे आम्ही दर महिन्याला समोर बसून जी पेटी उघडत होतो, ती तुम्ही आधीच उघडलेली असायची?”

“हो.”

“मी त्या नोंदवहीवर सह्या केल्यात, सर,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी सरळ पोलिसात जाऊ शकलो असतो. पण चिठ्ठी तिची होती. ‘त्यांना माझं नाव सांगू नका’ असं तिनं तीत लिहिलं होतं, आणि त्या चिठ्ठीतली एवढी एकच विनंती मी आजवर पाळली होती, तीही स्वतःच्या सोयीसाठी. म्हणून आधी तिच्याकडे जायचं ठरवलं. ती आता इंदापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि आई-वडिलांसोबत राहते, एवढं बाईंनीच पुन्हा फोन करून सांगितलं. रविवारी मी एसटीनं गेलो.

दार आईनं उघडलं. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. “या,” म्हणाली. तांब्या-भांडं आणून समोर ठेवलं. दारात आलेल्या कुणालाही पाणी द्यायचं असतं, म्हणून दिलं. मग आत वळून म्हणाली, “बाय, शाळंतलं मोठं सर आल्यात.”

ती बाहेर आली. चोवीस-पंचवीस वर्षांची बाई. मी रस्त्यात ओळखली नसती. समोर बसली. मी बारामती तालुक्यातल्या त्या दोन मुलींबद्दल सांगितलं. तिला ते माहीत होतं. तिनंही तो दाखला मोबाइलवर पाहिला होता.

“सही तुमचीच आहे ना?” तिनं विचारलं.

“माझीच आहे.”

मग मी फाइल उघडली आणि चिठ्ठी काढून तिच्यासमोर ठेवली.

तिनं ती उचलली नाही. अक्षर पाहून म्हणाली, “ही तुमच्याकडे कशी?”

“पेटीत होती.”

“पण पेटीत तर निघालीच नव्हती. त्या महिन्याच्या बैठकीनंतर मी समितीतल्या बाईंना विचारलं होतं, काय काय निघालं? त्या म्हणाल्या, पाण्याच्या टाकीची एक आणि क्रिकेटच्या बॅटची एक. मला वाटलं, घडी जाड झाली म्हणून आत गेली नसेल. वाऱ्यानं उडाली असेल. किती दिवस मला भीती होती, की ती कुणाला तरी सापडली आणि त्यानं गणिताच्या सरांना नेऊन दिली. कारण त्यांना कळलं होतं. कुणीतरी बोललंय, हे त्यांना कळलं होतं.”

“ते माझ्यामुळे कळलं,” मी म्हणालो. आणि स्टाफरूममध्ये काय बोललो होतो ते सांगितलं.

“म्हणजे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“नवरात्राच्या आधीपासून.”

तिची आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. “आन् मी आले तवा तुमी म्हनालात, आत्ताच कळतंय.”

“खोटं बोललो मी.”

मुलगी हाताच्या बोटांकडे पाहत होती. मला वाटतं, ती आठवडे मोजत होती. नवरात्र, मग दसरा, मग दिवाळीची सुट्टी. “सुट्टीतल्या तासांना परवानगी…” ती म्हणाली आणि तिथंच थांबली.

“मी दिली. चिठ्ठी वाचल्यावर दिली.”

ती उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला. आईनं मला जा म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही. पाण्याचं भांडं समोर तसंच होतं. ते प्यायचा मला अधिकार आहे की नाही, हे मला कळेना.

ती परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. तिनं चिठ्ठी उचलली, उलगडली, वाचली. “किती चुका केल्यात मी,” म्हणाली, आणि अगदी थोडंसं हसली. ते हसणं मला झेपलं नाही. मी रडायला लागलो.

“सर, रडू नका,” ती म्हणाली. त्यात माया नव्हती, रागही नव्हता. लॅबमध्ये एखाद्या म्हाताऱ्या पेशंटला सांगावं, हात हलवू नका, तसं ती बोलली. “तुम्ही रडलात, की मला तुमची समजूत काढावी लागेल. मी ती काढणार नाही.”

मी डोळे पुसले.

“त्या दोघी केवढ्या आहेत?”

“एक आठवीत, एक नववीत.”

“चिठ्ठी माझ्याकडे राहील. मीच नेऊन देईन. माझं मी सांगेन. तुम्ही माझ्या वतीनं काही सांगायचं नाही. तुम्ही तुमचं सांगा. सगळं. दिवसांसकट.”

चार दिवसांनी आम्ही बारामतीत पोलीस ठाण्यात भेटलो. त्या माय-लेकी इंदापूरहून आल्या होत्या, मी घरून चालत गेलो. वडिलांना सांगितलं होतं का, ते मी विचारलं नाही. ते बाहेर पार्किंगमध्ये मोटारसायकलवर बसलेले दिसले, माझ्याकडे पाठ करून.

जबाब घेणाऱ्या फौजदार बाई माझ्या नातीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. सुरुवातीलाच म्हणाल्या, “आजोबा, माहिती असून न कळवणं हा पण गुन्हा आहे. तुमच्यावर येऊ शकतो. कल्पना आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो.

मी सांगत गेलो, त्या टाइप करत गेल्या. पेटी कुठं लावली होती, किल्ली कुठं असायची. चिठ्ठी कधी मिळाली. तिला क्लार्कसमोर काय विचारलं. त्याला काय म्हणालो. परवानगीचा अर्ज. आईशी खोटं बोललो ते. आबांकडचं बोलणं. आबा आता नाहीत. त्यांच्या माथी जास्तीचं काही मारायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. वर्तणुकीचा दाखला. निरोप समारंभाशी आलो तेव्हा त्या म्हणाल्या, “हे सगळं नको, मुद्द्याचं सांगा.” मी म्हणालो, “एवढं घ्याच, बाई. शाळेच्या वहीत माझ्या अक्षरात खोटं लिहिलेलं आहे. ते खोटं आहे, असं कुठंतरी लिहिलेलं राहू द्या.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टाइप करायला लागल्या.

मी बाहेर आलो तेव्हा ती आत गेली. बाकावर तिची आई एकटीच होती. कंपनीतून रजा काढून आली होती. आज ॲप्रन नव्हता, इस्त्रीची साडी होती. मी दूरच्या टोकाला बसलो. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं, “काय लिवलं, सर?”

दहा वर्षांपूर्वी तिनं हेच विचारलं होतं. जबाबाची प्रत माझ्याकडे नव्हती, पण तो भाग मला पाठ होता. मी सांगितलं, “लिहिलंय, की विद्यार्थिनीला भावना अनावर झाल्या नव्हत्या. ती गप्प उभी राहिली आणि मुख्याध्यापकाकडे पाहत राहिली. मुख्याध्यापकाला कारण माहीत होतं. मुलीनं आणि तिच्या आईनं शाळेला विनंती केली होती, की त्या शिक्षकाला मुलींपासून दूर करा. ती विनंती शाळेनं मानली नाही, म्हणून मुलीनं शाळा सोडली.”

ती ऐकत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. मग म्हणाली, “व्हय. ही हुती आमची इनंती.”

आतून मुलीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. आई उठली आणि दाराच्या जवळच्या बाकावर जाऊन बसली. मी माझ्या जागेवर बसून राहिलो. वक्तृत्वात तालुक्याला नंबर आला होता तेव्हाचा आवाज मला आठवत होता. हा तसा नव्हता. हा हळू होता, मधेमधे पाणी पिऊन पुन्हा सुरू होत होता. पण या वेळी तिला कुणी मधेच थांबवलं नाही, आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.